मूत्रपिंडाचा आजार आणि न जेवणारा कुत्रा

कुत्र्याने जेवणाकडे पाठ फिरवली, तर तो हट्ट करतो आहे असे समजू नका. मूत्रपिंडे थकली की रक्तात टाकाऊ द्रव्ये साचतात, मळमळ होते आणि तो अन्न हुंगून, ओठ चाटून मागे सरतो. म्हणून आधी पशुवैद्यांकडून मळमळीवर औषध घ्या. जेवण कोमट करून थोडे थोडे द्या. बळजबरीने भरवू नका, अन्यथा त्याला त्या अन्नाचाच तिटकारा येतो. लघवी फार होते म्हणून पाण्याचे भांडे उचलणे ही नवख्यांची सर्वांत घातक चूक आहे. भूक लागावी म्हणून आपल्याकडे गोव्यात भातावर सुक्या बांगड्याचा तुकडा घालतात. त्यातले मीठ त्याला मुळीच नको. माणसांची वेदनाशामकेही देऊ नका. विशेष आहाराचा बारीक हिशेब नंतर पाहू. सध्या तो खाऊ लागणे महत्त्वाचे आहे, आणि दिवसभर काहीच खाल्ले नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.