वाचकांचे प्रश्न: विज्ञान इमारत बांधताना

प्रश्न: आमच्या महाविद्यालयासाठी तीन मजली विज्ञान इमारत बांधायची आहे. आर्किटेक्टने रसायनशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर दाखवली आहे, म्हणजे गळतीचा त्रास कुणाच्या डोक्यावर नको. शिक्षक ती सर्वांत वर मागतात. काय करावे? — एक वाचक, फोंडा

शिक्षकांचे ऐका. गळतीवर उपाय आहे. रसायनांच्या वाफा बाहेर सोडणारी धुराडी खालून वरपर्यंत न्यावी लागली, तर त्यावर चांगला उपाय नाही.

आधी हवेचा हिशेब मांडा, खोल्यांचा नंतर. दीड मीटर रुंदीच्या फ्यूम हूडची (पंख्याने वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या, सरकत्या काचेच्या कपाटाची) काच ४५ सेंटिमीटर वर केली की साधारण ०.६ चौरस मीटर तोंड उघडते. वाफा आत ओढल्या जाण्यासाठी त्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर हवा. म्हणजे एक हूड तासाला सुमारे हजार घनमीटर हवा बाहेर टाकतो. सहा हूड धरले तर सहा हजार. तुमची खोली १२ बाय ९ मीटर आणि ३.६ मीटर उंच असेल, तर दर चार मिनिटांनी खोलीभर हवा बाहेर जाणार. तेवढीच आत कुठून येणार, हे नकाशात दाखवलेलेच नसते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून कळत नाही. जूनमध्ये पाऊस आडवा मारायला लागला, खिडक्या बंद झाल्या, की पंखा फिरतो पण हूड ओढत नाही. दारसुद्धा जोर लावून उघडावे लागते. म्हणून व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतीत, हूडपासून दूर, पाऊस न लागणाऱ्या जागी पट्ट्यांची जाळी ठेवा. सहा हूडसाठी पट्ट्यांमधली मोकळी जागाच पावणेदोन चौरस मीटर लागते. निम्मी जागा पट्ट्या खातात, तेव्हा भिंतीतले भोक साडेतीन चौरस मीटरचे धरा.

प्रयोगशाळा सर्वांत वर असली की डक्ट, म्हणजे हूडमधली हवा नेणारी नळी, सरळ गच्चीवर निघतो. पंखा गच्चीवरच बसवा. पंखा खाली बसवला तर पुढच्या डक्टमध्ये दाब राहतो आणि सांधा सुटला की वाफा इमारतीतच पसरतात. डक्ट पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा किंवा एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा) घ्या. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याला आतून आम्लाच्या वाफा खातात आणि बाहेरून खारी हवा.

आता टोपीविषयी, कारण हा हट्ट आपल्याकडे हमखास होतो. पाऊस आत जाईल म्हणून धुराड्यावर पत्र्याची टोपी घालतात. टोपीला आपटून वाफा खाली वळतात आणि जिन्यातून, पाण्याच्या टाकीवरून परत आत येतात. धुराडे गच्चीपासून किमान तीन मीटर उंच, वर मंगळुरी कौलांचे छप्पर असेल तर त्याच्या शेंड्याच्याही वर, आणि तोंड सरळ आभाळाकडे उघडे ठेवा. हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने निघाली तर चालू पंख्यात पाऊस शिरत नाही. बंद असताना शिरलेले पाणी काढायला पंख्याच्या कवचाला तळाशी भोक पाडून नळी जोडायची, एवढेच.

हूडजवळ छताचा पंखा लावू नका, हूड दारालगतही नको. पंख्याचा वारा सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा सहज जास्त असतो. तो हूडमधल्या वाफा विद्यार्थ्याच्या तोंडावर आणतो.

गळतीसाठी: तिन्ही मजल्यांची सिंक एकाखाली एक घ्या. नळ आणि निचऱ्याचे पाइप स्लॅबमध्ये पुरू नका, दार असलेल्या उभ्या शाफ्टमधून न्या. रसायनच्या सिंकखाली तराजू, संगणक किंवा स्पेक्ट्रोमीटरची खोली नको. स्पेक्ट्रोमीटर आणि ऑप्टिकल बेंच ही प्रकाशाच्या प्रयोगांची नाजूक उपकरणे तळमजल्यावर द्या, तिथे जमीन हलत नाही.

एक गोष्ट मात्र वरच्या मजल्यावर अवघड होते. अंगावर रसायन सांडल्यास धुण्यासाठी असलेल्या आपत्कालीन शॉवरला मिनिटाला ७५ लिटर पाणी, सलग पंधरा मिनिटे लागते. म्हणजे फक्त त्यासाठी सव्वा हजार लिटरची टाकी राखून ठेवा. गच्चीवरच्या टाकीतून तीन मीटर खाली येणाऱ्या पाण्याला ०.३ बार दाब मिळतो, अशा शॉवरला सुमारे २ बार लागतो. तेव्हा जनरेटरवर चालणारा पंप हवाच. पाणी ३८ अंशांपेक्षा गरम नको, म्हणून काळी टाकी एप्रिल-मेच्या उन्हात उघडी ठेवू नका, कौलांखाली घ्या.

प्रश्न: सध्या प्रयोगशाळेचे सांडपाणी शौचालयाच्या सेप्टिक टँकमध्ये जाते. नव्या इमारतीत तसेच ठेवले तर? — एक वाचक, डिचोली

ठेवू नका. आम्ल आणि धातूंचे क्षार टँकमधले जिवाणू मारतात, मग मैला कुजत नाही. त्याहून काळजीची गोष्ट जमिनीची. जांभा सच्छिद्र आहे. सोकपिटमध्ये (शोषखड्ड्यात) ओतलेले पाणी चिऱ्यांच्या फटींतून उताराखालच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते, आणि ती विहीर शेजाऱ्याची असते.

प्रयोगशाळेची लाइन सुरुवातीपासून वेगळी, एचडीपीई (जाड, टिकाऊ प्लास्टिक) किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. बाहेर दोन कप्प्यांची टाकी, पहिल्यात आम्लाचा जोर मारायला २५ ते ४० मिलिमीटरचे चुनखडीचे तुकडे. सल्फ्युरिक आम्लामुळे या तुकड्यांवर जिप्समचा पांढरा थर बसतो आणि आतली चुनखडी कामातून जाते. वरून टाकी भरलेली दिसते, पाणी मात्र आंबटच बाहेर पडते. म्हणून दुसऱ्या कप्प्यात दर आठवड्याला पीएच कागद (पाणी किती आंबट ते रंगाने दाखवणारा) बुडवा. ५.५ ते ९ मध्ये नसेल तर पाणी सोडू नका. तुकडे घासा किंवा बदला. टाकीचा काठ जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर हवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात उतारावरचे पाणी आत शिरून सगळे वाहून जाईल.

चुनखडी धातू काढत नाही, द्रावकही नाही. एसीटोन, टोल्युइन, क्रोमियम, शिसे यांची द्रावणे सिंकमध्ये जाताच कामा नयेत. प्रत्येक टेबलाशी नाव लिहिलेले डबे आणि ते ठेवायला हवेशीर खोली नकाशातच हवी. हॅलोजनयुक्त द्रावकांचा (क्लोरोफॉर्मसारख्या) डबा वेगळा.

प्रश्न: चवथीच्या सुट्टीनंतर कपाट उघडले की सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. इमारतीत काही तरतूद करता येईल का? — एक वाचक, पेडणे

येईल. जीवशास्त्राचे भांडार पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो आणि चिऱ्यांची भिंत आतून ओल धरते. त्या बाजूला जिना किंवा स्वच्छतागृहे घ्या. भांडार छोटे, दार घट्ट लागणारे असावे, त्यात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) आणि त्याच्या पाण्याला निचरा. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली पाहिजे. पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवा, अंदाजाने चालू नका. या खोलीची वीज सुट्टीत बंद होणार नाही अशा वेगळ्या सर्किटवर घ्या. मुख्य स्विच पाडून कुलूप लावले की बुरशीला आठ दिवस पुरतात.

ओल शोषणारे सिलिका जेल वापरत असाल तर निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. गुलाबी जेल डब्यात ठेवून काही उपयोग नाही. भिंगाच्या लेपावर बुरशीचा ठसा एकदा उमटला की पुसून जात नाही.

प्रश्न: एलपीजीचे सिलिंडर इमारतीच्या मागे, गटाराच्या बाजूला ठेवले तर चालतील का? — एक वाचक, म्हापसा

नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळाला तर पाण्यासारखा उताराने सरकतो आणि गटारात साचतो. सिलिंडर इमारतीबाहेर, गटार आणि तळघरापासून दूर, जमिनीलगत जाळी असलेल्या खोलीत ठेवा. प्रत्येक प्रयोगशाळेचा मुख्य कॉक दाराशी, शिक्षकाच्या हाताशी हवा. शेवटच्या टेबलामागे असलेला कॉक आग लागल्यावर बंद करायला कुणी जाऊ शकत नाही.