आधी नंबर सेव्ह, मग निरोप
वाचकांचे प्रश्न : घरगुती व्यवसाय

प्रश्न : मी घरून वाळवण आणि सांबारवडी विकते. अपार्टमेंटचा ग्रुप, मुलाच्या शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सगळीकडे रोज सकाळी भावाची यादी टाकत होते. शाळेच्या ग्रुपमधून मला काढलं, दोन-तीन ओळखीच्यांनी ब्लॉक केलं. मग जाहिरात करायची तरी कुठे?
एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, वडीत खोट नाही, जागा चुकली. अपार्टमेंटच्या ग्रुपवर लोक लिफ्ट सुरू झाली का, टँकर कधी येतो हे बघायला येतात. तिथे रोज तीच यादी दिसली की नजर आपोआप पुढे सरकते, आणि एखाद्या दिवशी खरंच नवीन माल असला तरी तोही वाचला जात नाही.

शाळेचा ग्रुप सोडूनच द्या. अपार्टमेंटच्या ॲडमिनला मात्र वेगळं, खासगीत विचारा : 'महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी एकच मेसेज टाकला तर चालेल का?' बहुतेक जण हो म्हणतात, कारण दिवस ठरलेला असला की बाकीच्यांच्या तक्रारीला त्यांच्याकडे उत्तर असतं. 'नाही' म्हणाले तर तिथे विषय संपला.

तो एक मेसेज असा असावा : 'सांबारवडी, शनिवारी दुपारी ४ नंतर. ६ नगांचा डबा १५० रुपये. ऑर्डर गुरुवारी रात्री ८ पर्यंत. मानेवाडा, अयोध्यानगर, बेसा घरपोच. ग्रुपवर उत्तर नको, खालच्या लिंकवर मला लिहा.' सोबत एकच फोटो, मधून कापलेल्या वडीचा, आतलं सारण दिसेल असा. मजकूर त्याच फोटोखाली लिहा. आठ फोटो सुटे पाठवले की आठदा फोन वाजतो, आणि राग त्याचाच येतो. लिंकचं कारणही तेच. ती नसली की 'मला पण दोन डबे', 'ताई, माझा एक' असे तीस मेसेज ग्रुपवरच पडतात आणि बोल तुम्हाला लागतो. व्हॉट्सॲप बिझनेस या धंद्यासाठीच्या ॲपमध्ये 'शॉर्ट लिंक' तयार मिळते, तीच चिकटवा.

भाव लपवू नका. 'भावासाठी पर्सनल मेसेज करा' हे वाक्य आम्हाला तरी सर्वांत वाईट जाहिरात वाटते. ज्याला १५० रुपये जास्त वाटतात तो विचारणारच नाही, आणि ज्याला परवडतात तोही अर्ध्या वेळा आळसाने राहून जातो. शब्दांचंही बघा. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या उद्योग-वसाहतीत, नोकरीला आलेल्या पुण्याच्या माणसाला सांबार म्हटलं की इडलीसोबतचं सांबारच आठवतं. 'सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची पुडाची वडी' एवढं लिहिलं की तोही गिऱ्हाईक होतो. आणि घरून विकलं तरी खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो १४ आकडी नंबर डब्यावर छापा.

आता खरं काम. नवा ग्रुप काढून त्यात ओळखीच्यांना परस्पर जोडू नका. त्यात प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो, आणि बायकांना ते मुळीच आवडत नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकाला वेगळा मिळतो, उत्तरही फक्त तुम्हालाच येतं. मेख एकच : ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. दोनशे नंबर भरूनही ऑर्डर दोनच आल्या, असं होतं ते यामुळे. लोकांनी नाकारलं असं नसतं, त्यांना मेसेज मिळालेलाच नसतो. त्यामुळे नंबर सेव्ह करून घेणं हीच निम्मी जाहिरात.

ते डब्यासोबत करा. तळहाताएवढी चिठ्ठी : 'पुढच्या खेपेचा निरोप हवा असल्यास हा नंबर सेव्ह करून "हो" लिहा. नको झाला की "बंद" लिहा.' ज्यांचं 'हो' आलं तेवढेच लिस्टमध्ये. 'बंद' आलं की त्याच दिवशी नाव काढायचं, 'का हो ताई, काही चुकलं का' असं विचारायचं नाही. दहा चिठ्ठ्यांतून तीन-चार 'हो' आले तरी पुष्कळ. महिन्याला दोन निरोप ठीक. वाळवणाच्या दिवसांत, मार्च ते मे, आठवड्याला एक चालेल, कारण तेव्हा लोक स्वतःच कुरड्या-पापड्यांची चौकशी करत असतात.

रोज काही दाखवायचंच असेल तर स्टेटस आहे. २४ तासांनी ते आपसूक जातं, कुणाचा फोन वाजत नाही, ज्याला बघायचं तो बघतो. दिवसाला दोन-तीन पुरे. भिजलेला गव्हाचा चीक, सोऱ्यातून पडणारी कुरडई, गच्चीवरचं वाळत घातलेलं कापड, यांना यादीपेक्षा जास्त विचारणा येते.

प्रश्न : दहा हजार नागपूरकरांचे मोबाईल नंबर विकत देतो असा फोन आला. घ्यावेत का?
एक वाचक, सदर

उत्तर : नाही. त्या दहा हजारांपैकी कुणीही तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यामुळे ब्रॉडकास्ट पोचणार नाही. एकेकाला सुटे मेसेज पाठवायला गेलात तर लोक 'रिपोर्ट' दाबतात आणि तुमचा नंबरच बंद होतो, जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ज्यावर येतात तोच. ज्यांचे नंबर आहेत त्यांनी ते या कामासाठी दिलेले नाहीत. वैयक्तिक माहिती संमतीविना वापरण्याला चाप लावणारा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. एसएमएसने काम होईल असंही समजू नका. १९०९ वर नोंद करून जाहिरातीचे फोन आणि एसएमएस बंद केलेले लोक त्या यादीत असतातच.

प्रश्न : ब्लाउज शिवणं, फॉल-पिको करते. कपडे स्वतः नेते-आणते. गूगलवर नाव यावं, पण घरचा पत्ता सगळ्यांना दिसू नये. शिवाय इन्स्टाग्रामवर मोठ्या साडी दुकानांच्या पोस्टखाली 'ब्लाउज शिवून मिळेल' असं लिहिते, ते बरोबर आहे का?
एक वाचक, खामला

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ते थांबवा. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून आपली पाटी धरण्यासारखं आहे ते. साडीवाल्याला विचारून त्याच्या काउंटरवर तुमचं कार्ड ठेवता आलं तर हजार कॉमेंटपेक्षा बरं.

पत्त्याची सोय गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये आहे. नोंदणी करताना पत्ता दाखवू नका, त्याऐवजी सेवा देण्याचा भाग निवडा : खामला, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, लक्ष्मीनगर. असे २० भाग टाकता येतात, पण जिथे स्कूटीवर खरंच जाता तेवढेच टाका. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात; मशीन, कापड, कामाची जागा सलग एका व्हिडिओत दाखवायची. नावाच्या रकान्यात फक्त नाव. 'नागपूरमधील सर्वोत्तम स्वस्त ब्लाउज' असं काही जोडलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. अभिप्राय जरूर मागा, मात्र त्याबदल्यात सूट देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे. आणि ब्लाउजचा फोटो हँगरवर काढा. गिऱ्हाईक अंगात घालून दाखवत असेल तर आधी तिला विचारा.

प्रश्न : महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्याच्या ऑर्डर घेते. भाव विचारून लोक गप्प होतात. किती वेळा आठवण करावी?
एक वाचक, महाल

उत्तर : एकदाच. पण ती कधी करायची हे फुलोऱ्यातल्या अनारशांवरून ठरतं. तांदूळ ३ दिवस भिजणार, मग सावलीत वाळून दळले जाणार, गुळात कालवलेलं पीठ ४-५ दिवस मुरणार. म्हणजे महालक्ष्म्या येण्याच्या दहा दिवस आधी, पोळ्याच्याही अलीकडेच, ऑर्डर बंद व्हायला हवी. पहिला निरोप त्याच्या दहा दिवस आधी, आणि तोही गेल्या वर्षी ज्यांनी घेतला त्यांनाच. भाव विचारणाऱ्याला व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'फुलोरा' असं लेबल लावून ठेवा. बंद होण्याच्या आदल्या दिवशी त्या लेबलवाल्यांना एवढंच : 'करंज्या, पापड्या, अनारसे यांची ऑर्डर उद्या रात्री ८ ला बंद होते, तांदूळ परवा भिजत घालायचे आहेत. हवं असल्यास कळवा, नको असल्यास उत्तर दिलं नाही तरी चालेल.' शेवटचे पाच शब्द गाळू नका. उत्तर द्यायचा संकोच गेला की पुढच्या वर्षी तेच लोक मोकळेपणाने विचारतात. निळी टिक दिसली तरी फोन करू नका. नंतर लेबल काढा आणि तांदूळ भिजत घाला.