तडीपारीची नोटीस, चॅप्टर आणि दारूबंदीचं कलम

प्रश्न : धाकट्या भावाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 59 खाली नोटीस आली आहे. दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, असं विचारलंय. त्याच्यावर मारामारीचे दोन गुन्हे आहेत. एकात तो 2019 मध्ये निर्दोष सुटला, दुसरा न्यायप्रविष्ट आहे. शिवाय जुगाराची एक केस. घरचे म्हणतात, साहेबांना भेटून मिटवू. (वाचक, संगमनेर)

उत्तर : भेटून मिटण्यातला हा कागद नाही. या नोटिशीला लेखी खुलासा द्यायचा असतो आणि त्या खुलाशावरच पुढचं सगळं उभं राहतं. तारखेला नुसतं हजर राहून 'मी काही केलं नाही साहेब' म्हणून परत येणाऱ्याची फाईल कोरी जाते. मग अपिलात दाखवायला काहीच उरत नाही.

नोटीस कलम 59 ची असली, तरी हद्दपारीसाठी तिच्यात कोणतं कलम धरलंय ते आधी पाहा. बहुतेक वेळा ते 56(1) असतं आणि त्यातले दोन वेगळे भाग इथे महत्त्वाचे आहेत. (अ) खाली माणसाच्या वागण्यामुळे लोकांच्या जीविताला, मालमत्तेला धोका किंवा दहशत असावी लागते. (ब) खाली बळजबरी किंवा हिंसेचे, अथवा शरीराविरुद्धचे व मालमत्तेविरुद्धचे गुन्हे लागतात. तेवढ्यानं भागत नाही. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालेलं असावं लागतं. भावाच्या खटल्यात साक्षीदारांनी येऊन साक्ष दिली असेल तर हाच मुद्दा पहिला मांडा. जुगाराची केस (ब) मध्ये बसत नाही. तिचा संबंध कलम 57 शी येतो आणि तिथे आधी शिक्षा झालेली असावी लागते. नुसता गुन्हा दाखल असणं पुरत नाही. पोलीस मात्र तक्त्यात आकडा मोठा दिसावा म्हणून सगळंच एकत्र लिहितात.

आता कामं. नोटिशीतल्या प्रत्येक गुन्ह्याचा रजिस्टर नंबर, कलम, तारीख आणि आजची स्थिती एका कागदावर उतरवा. सुटकेच्या निकालाची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून खुलाशाला जोडा. गुन्हे जुने असतील, मधली वर्षं कोरी असतील, तर तसं तारखांसकट लिहा. गोपनीय साक्षीदारांचे इन कॅमेरा (बंद दाराआड घेतलेले) जबाब आहेत असं म्हटलं असेल, तर त्यांची नावं मिळणार नाहीत. पण आरोपाचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवणं कलम 59 प्रमाणे बंधनकारक आहे. 'परिसरात दहशत आहे' एवढंच लिहून काळ आणि जागा दिली नसेल, तर त्यावर आक्षेप नोंदवा.

वकिलामार्फत हजर राहण्याचा आणि आपले साक्षीदार तपासून घेण्याचा हक्क याच कलमात आहे. साक्षीदारांसाठी वेगळा अर्ज द्या. तो नाकारायचा तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं. खुलाशाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

आदेश झालाच, तर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं (कलम 60). त्यानंतर उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये महाराष्ट्रातलाच एक हद्दपारीचा आदेश रद्द करताना सांगितलं की हा असाधारण उपाय आहे आणि दोन वर्षांची कमाल मुदत द्यायची तर कारणं दिसली पाहिजेत. दुसरा जिल्हा कशासाठी, हेही विचारा. गुन्हे एका तालुक्यात आणि हद्दपारी दोन जिल्ह्यांतून, असे आदेश याच मुद्द्यावर अडखळतात. अपील चालू आहे म्हणून घरी येऊन राहू नका. स्थगिती नसताना हद्दीत सापडल्यास कलम 142 चा नवा गुन्हा लागतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कोर्टाची तारीख किंवा घरातलं लग्न-मयत असेल तर आधी लेखी परवानगी काढावी लागते.

प्रश्न : चॅप्टर केस म्हणजे शिक्षा झाली असं समजायचं का? (वाचक, मिरज)

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 किंवा 129 खालची ही प्रतिबंधक कारवाई असते. तिथे गुन्हा शाबीत होत नाही, शांतता किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागतात. कलम 130 प्रमाणे मिळालेली माहिती, बाँडची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या लेखी आदेशात असावी लागते. तो आदेश मागा. चौकशी न करताच पहिल्या दिवशी बाँडवर सही घेतली जाते, खरी गफलत तिथे होते. चौकशी साधारणपणे सहा महिन्यांत संपली नाही तर कारवाई आपोआप संपुष्टात येते.

प्रश्न : मित्रांबरोबर बसलो होतो. परवाना नव्हता. दारूबंदी अधिनियमाचं 66(1)(ब) लावलं. पोलीस म्हणतात, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. (वाचक, पनवेल)

उत्तर : मोकळं होणं म्हणजे दोषी ठरणं. तो दंड म्हणजे वाहतुकीची पावती नव्हे, न्यायालयाचा दोषसिद्धीचा निकाल आहे. पुढे चारित्र्य पडताळणीत तो निघू शकतो. कबुलीआधी रक्ताचा अहवाल पाहा. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम किंवा जास्त मद्यार्क निघाला, तर प्यायलेलं औषधी किंवा तत्सम होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. त्याखाली असेल तर ओझं सरकार पक्षावरच राहतं. (गाडी चालवताना मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. ते कलम वेगळं, तिथे फुंकायच्या यंत्राचा आकडाही चालतो.) रक्त घेतलंच नसेल आणि कागदावर नुसतं 'तोंडास वास, चाल अडखळती' असेल, तर 1971 पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे की एवढ्यानं दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही.

प्रश्न : ठाण्यातून फोन आला, 'सहीला ये'. जावं का? (वाचक, परभणी)

उत्तर : जावं, पण कागद मागून. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली अशी नोटीस वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. रीतसर नोटीस मिळाल्यावर मात्र टाळाटाळ करू नका, त्यानेच अटकेला कारण मिळतं. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक नाही. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करायची नसते. पंचनामा आणि अटकेचा मेमो यांची गोष्ट वेगळी, तिथे वाचून सही करा. अटक झालीच तर कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळायला हवीत. सुरुवातीला ती तोंडी सांगितली असतील, तरी रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पाहिजे, असा नोव्हेंबर 2025 चा निकाल आहे. तो कागद मिळाला नसेल तर वकिलाला पहिल्या रिमांडलाच सांगा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट नाही.