डिस्क लाल झाली, आता काय दाबू?

या वेळची बरीचशी पत्रं रेडवरच आहेत. रेड म्हणजे धाड नव्हे. एका कारखान्याच्या दिवाणजींनी सकाळी फोनवर ‘शेठ, रेडचं काहीतरी झालंय’ एवढंच सांगितलं, तर शेठ अर्धा चहा टाकून धावत आले म्हणे. आपली रेड म्हणजे दोन-चार डिस्क एकत्र बांधून त्या संगणकाला एकच डिस्क म्हणून दाखवायची सोय. हे बांधकाम सांभाळणारं कार्ड म्हणजे रेड कंट्रोलर. रेडच्या पुढचा आकडा म्हणजे बांधणीची पद्धत; रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा तगतो.

प्रश्न : आमचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डची सगळी डिझाइनं आणि टॅली एकाच सर्व्हरवर. चार टीबीच्या चार डिस्क, रेड ५. सोमवारी बीप सुरू झाला, एका डिस्कचा दिवा लाल. ओळखीतल्या मुलानं आज डिस्क बदलायला काढली, ती निघाली शेजारची, चांगली. घाईनं परत बसवली. आता चालू करताना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं म्हणून सांगतंय. मुलगा म्हणतो, क्लिअर करून नव्यानं बनवू. करू का?

अजिबात नको. मशीन बंद करा, मुलाला चहा पाजा आणि मार्कर पेन आणा. प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा नंबर लिहा, मोबाइलवर फोटो काढा. मग पुढचं.

कोणती डिस्क कितवी, डेटा कसा वाटून ठेवलाय, याची नोंद कार्ड प्रत्येक डिस्कवरही लिहून ठेवतं. डिस्क मध्येच गायब होऊन परत आली की कार्ड तिला ओळख दाखवत नाही, परकी म्हणतं. ‘फॉरेन’चा अर्थ एवढाच. ‘इम्पोर्ट’ म्हणजे तिच्यावरची नोंद खरी मानून तिला घरात घेणं, ‘क्लिअर’ म्हणजे ती नोंद पुसणं. क्लिअर करून, नवा अरे (डिस्कचा संच) बांधून वर ‘इनिशियलाइझ’ केलंत, म्हणजे डिस्क कोऱ्या करून घेतल्यात, तर डिझाइनं गेलीच म्हणून समजा. माझ्याकडे आलेल्या अशा केसेसमध्ये डिस्कनं मारलेल्या कमी आणि ‘वाय’ (म्हणजे ‘हो’) दाबून मारलेल्या जास्त.

इम्पोर्टच्या आधी, पहिली गेलेली डिस्क बाहेर काढून ठेवा. ती सोमवारीच गळाली, त्यानंतरच्या नोंदी तिच्यावर नाहीत. आपली कडक भाकरी आठ-पंधरा दिवसांनी खाल्ली तरी चालते. शिळी डिस्क अरेत घेतली की फायलींची भेळ होते. नक्की कोणती आधी गेली हे दिव्यावरून ठरवू नका. कार्डाच्या इव्हेंट लॉगमध्ये वेळेनिशी असतं, तिथं बघा. मग उरलेल्या तीन डिस्कवर इम्पोर्टचा प्रिव्ह्यू पाहा. तिथं अरे ‘डिग्रेडेड’, म्हणजे एक डिस्क कमी पण चालता, दिसला तर इम्पोर्ट करा. ‘ऑफलाइन’ किंवा ‘फेल्ड’ दिसला तर तिथंच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा. स्वतः प्रयोग करू नका.

चालू झाल्यावर लगेच नवी डिस्क बसवून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभा करणं, लावायचा मोह होईल. आधी डिझाइनं आणि टॅली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. कारण बघा : रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ (एकावर चौदा शून्यं) बिटांमागे, म्हणजे साधारण साडेबारा टीबीमागे, न वाचता येणारी एक जागा धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच बऱ्या वागतात, पण रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरीवर वाचनदोष आला तर तो भरून काढायला कुणी उरत नाही. पुढच्या खरेदीत सहा डिस्क आणि रेड ६ घ्या, दोन गेल्या तरी तगतं. आणि बदलायची डिस्क काढण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधून ‘लोकेट’ दाबून तिचा दिवा लुकलुकवायचा असतो, हे त्या मुलाला न रागावता सांगा.

प्रश्न : सात रस्त्याजवळ आमचं निदान केंद्र आहे. एप्रिलपासून दुपारी बारानंतर सर्व्हर रडतो, रिपोर्ट सेव्ह व्हायला मिनिट लागतं. रात्री एकदम झकास. सगळे दिवे हिरवे. व्हायरस असेल का?

दुपारी येणारा आणि रात्री जाणारा व्हायरस मी पाहिला नाही. सर्व्हर कुठं ठेवलाय, हे तुम्ही लिहिलं नाही. मी पैज लावतो, जिन्याखाली.

कार्डावर थोडी मेमरी असते. लिहायचं काम आलं की कार्ड ते मेमरीत घेऊन लगेच ‘झालं’ म्हणतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. याला राइट बॅक म्हणतात. वीज गेली तर मेमरीतलं उडू नये म्हणून कार्डाला छोटी बॅटरी जोडलेली असते. बॅटरी म्हातारी झाली किंवा फार तापली की कार्ड शहाण्यासारखं राइट थ्रूवर जातं, म्हणजे डिस्कवर उमटल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. रेड ५ मध्ये एक छोटी नोंद लिहायला चार फेऱ्या पडतात : जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाच, मग दोन्ही नव्यानं लिही. मेमरीचा आडोसा गेला की हा सगळा भार उघडा पडतो. बाहेर ४२-४३ अंश आणि जिन्याखाली कोंडलेली हवा, मग दुपारी बॅटरीनं हात टेकले तर नवल नाही.

लॉगमध्ये बॅटरीच्या तापमानाच्या नोंदी आणि त्या वेळचं राइट पॉलिसीचं सेटिंग ताडून बघा. जुळलं तर सर्व्हर एसीच्या खोलीत हलवा आणि पंखे साफ करा. सोलापुरात मागांच्या आसपासच्या मशिनी उघडल्या की हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) सुताच्या तुसाची गोधडी निघते. बॅटरी चार वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदलाच. पुढं नवं कार्ड घ्याल तेव्हा फ्लॅश आणि सुपरकपॅसिटरवालं घ्या, बॅटरीची कटकट नको.

कुणी म्हणेल, ‘ऑलवेज राइट बॅक’ करून टाका, पळेल. पळेल, पण वीज गेली त्या क्षणी मेमरीतले रिपोर्टही पळतील.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना ‘ड्राइव्ह सापडला नाही’ असं येतं. दुकानदार डिस्क बदला म्हणतो. (एक सीए, नवी पेठ)

डिस्क ठीक असणार. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसात व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा. दुकानदार बदला.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सर्व्हरमधून निघालेलं जुनं रेड कार्ड स्वस्तात मिळालं. डेस्कटॉपमध्ये लावलं की स्क्रीनच येत नाही. काढलं की मशीन सुरू. कार्ड मेलंय का?

बहुतेक नाही. सर्व्हरसाठीची काही कार्डं घरगुती मदरबोर्डशी एसएमबस नावाच्या तारांवरून भांडतात आणि बोर्ड सुरूच होत नाही. कार्डाच्या सोनेरी दातांपैकी बी५ आणि बी६ या दोन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या टेपचा) बारीक तुकडा चिकटवला की बऱ्याचदा प्रकरण मिटतं. बाजू आणि नंबर आकृतीवरून दोनदा मोजा. चुकीचा दात झाकला तर कार्ड दिसणारच नाही. साधी सेलोटेप लावू नका, गरम होऊन तिचा डिंक स्लॉटमध्ये उतरतो.

मग केबल. एका जाड टोकातून चार साटा (डिस्कला जोडायची) टोकं फुटणारी केबल ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिव्हर्स’ अशी दोन जातींची मिळते, दिसायला जुळ्या बहिणी. कार्डाकडून डिस्ककडे जाताना फॉरवर्ड लागते. उलटी आणलीत तर एकही डिस्क दिसणार नाही. आणि ही कार्डं सर्व्हरच्या वाऱ्यात राहायला बनलेली असतात, म्हणून हीटसिंकसमोर एक छोटा पंखा बांधा.

वेगासाठी रेड ० करायचं मनात असेल तर चालू कामापुरतं खुशाल करा. एक डिस्क गेली की सगळंच जातं. नवरी दुसऱ्यांदा हार घालणार नाही, तेव्हा मूळ फुटेज तिथं एकट्यानं राहता कामा नये.

प्रश्न : शाळेच्या संगणकात रेड १ आहे, दोन्ही डिस्कवर तेच असतं. मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण शिपायानं दहावीचा फोल्डर चुकून उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. खंडणीखोर व्हायरसही दोन्हींना एकदमच कुलूप लावतो. एक बाहेरची डिस्क घ्या, शनिवारी शाळा सुटताना कॉपी करा, वायर काढा आणि ती डिस्क मुख्याध्यापकांच्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यावरची एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा.