प्रोस्टेटच्या हार्मोन इंजेक्शनांनी अंगावरचे केस जातात आणि टकलावर लव येते, हे खरं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना प्रोस्टेट कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन चालू आहे, छातीवरचे आणि पायांवरचे केस जवळजवळ गेलेत, उलट टकलावर बारीक लव दिसतेय. हे केमो तर नाही ना, आणि बाबा यावर अवाक्षर बोलत नाहीत, तर काय करावं?

मी स्वतः या इंजेक्शनांवर तिसरं वर्ष काढतोय. देवगड तालुक्यात राहतो, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. हे केमो नाही, एवढं आधी मनातून काढून टाका. केमोत भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव बसतो, म्हणून डोक्याचे केस पुंजक्यांनी उशीवर सापडतात. इथे चालतं ते वेगळंच.

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन अशी इंजेक्शनं मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप बंद करतात. सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत बनणारं पुरुषी हार्मोन, उलट वाढतं, म्हणून सोबत त्याचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. मग महिन्याभरात ते तळाला जातं. केसांच्या मुळाशी याच टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याचंच जास्त जोरकस रूप, बनत असतं. हे डीएचटी छातीवर आणि हनुवटीवर केस राठ करतं, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या टाळूवर मात्र केसांची मुळं बारीक करत नेतं. एकच रस, दोन जागी दोन तऱ्हा. तो आटला की दोन्हीकडे उलटं होतं: अंग गुळगुळीत, टाळूवर लव. टाळूवरची लव सगळ्यांनाच येते असं नाही, आणि आली तरी जुने केस परत येत नाहीत. १९४२ सालीच जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की वयात येण्याआधी वृषणं गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मी मुलांना संप्रेरकं शिकवली ती फळ्यावर. स्वतःच्या अंगावर वाचायला लागली साठी उलटल्यावर.

दाढी सहसा पूर्ण जात नाही. मऊ होते, हळू वाढते. मी रोज करायचो, आता चौथ्या दिवशी. आमचा न्हावी वस्तरा फिरवता फिरवता म्हणाला, "काय ओ काकानू, दाढी वाढणा नाय ती?" त्याला सांगून टाकलं. त्याने नुसती मान हलवली आणि पुढच्या वेळेपासून हात हलका ठेवला.

घरात मात्र बोलायला मला वर्ष लागलं. तीस वर्षं घरच्या गणपतीची पूजा मी केली आहे. त्या वर्षी सोवळं नेसून उघड्या अंगाने बसलो, आरतीचं तबक पुढे करताना पुतण्याची नजर माझ्या छातीवर थांबली. तो काही बोलला नाही. मी उपरणं घट्ट ओढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा धाकट्या भावाला सांगितली. तेव्हा घरच्यांना वाटलं, दमलो असेन. तुमचे बाबा गप्प आहेत ते यामुळेच असेल असं मी म्हणत नाही, पण पुरुषाच्या अंगावरचे केस जातात तेव्हा त्याला फक्त केस गेल्यासारखं वाटत नाही, हे मी भोगलंय. त्यात अंगातून एकदम गरम वाफा निघतात, रात्री घामाने बनियन भिजतो. तेही बहुतेक ते सांगत नसतील. विचारा.

इंजेक्शनचा गुण केसांवरून मोजू नका. केस कमी गेले म्हणजे औषध लागू पडत नाही, असं नसतं. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात: पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन), आणि टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटर रक्तात ५० नॅनोग्रॅमच्या खाली आहे का ते. डोक्याचे केस चट्ट्या-चट्ट्याने जायला लागले तर डॉक्टरांना दाखवा, त्याचं कारण दुसरं असू शकतं. आणि एक कळकळीने सांगतो, केसांसाठी किंवा 'ताकदीसाठी' कुणी चूर्ण, गोळ्या सुचवल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ज्या हार्मोनला आपण उपाशी ठेवलंय तेच त्यातून पोटात गेलं तर सगळ्यावर पाणी. कातडी कोरडी पडते त्याला आपलं खोबरेल पुरतं. माझे पाय थंडीत फुटायला लागले तेव्हा बायकोने काही न विचारता तेलाची वाटी बाजेखाली ठेवायला सुरुवात केली.

इंजेक्शन थांबलं तर केस सहसा हळूहळू, काही महिन्यांत परततात, पण ते कधी थांबवायचं हे केस ठरवत नाहीत.

बाबांशी बोलायचं कसं, याचं उत्तर मला ठरवून सापडलं नाही. पुढच्या इंजेक्शनला तुम्ही सोबत जा. मी मुलाला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं ते कोल्हापूरला जाताना, करूळ घाटात. पाऊस होता, गाडी तो चालवत होता, दोघांचीही नजर वळणावर. समोरासमोर बसून मला ते जमलं नसतं.