वाचक विचारतात : गोठ्याची फिश रूम होईल का?

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही नाशिकजवळ मखमलाबादला राहतो. घरामागे सासऱ्यांच्या वेळचा गोठा आहे, १८ बाय १० चा असेल, विटांच्या भिंती, चुना मारलेला, वर लोखंडी पत्रा. जनावरं कधीच गेली, आता तिथे द्राक्षाचे क्रेट, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि फवारणीची औषधं पडलेली असतात. धाकट्याला माशांचा भारी नाद, हॉलमध्ये तीन टाक्या झाल्यात, पाहुणे आले की बसायला जागा नाही. तो म्हणतो गोठा साफ करून १२ टाक्या लावू, गप्पीची पिल्लं काढून विकू. ह्यांचं म्हणणं पत्र्याखाली मासे उन्हाळ्यात शिजतील. पाणी बोअरचं आहे, नळ आहे पण एकच वेळ येतो. खर्च बेताचा हवा. काय करावं?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : ताई, गोठा चालेल. नवी खोली बांधण्यापेक्षा बरा चालेल म्हणतो मी, कारण गोठ्याच्या जमिनीला उतार असतो आणि कडेला नाली असते, जी नव्या खोलीत कुणीच काढत नाही आणि मग बोंबलत बसतात. माशांच्या खोलीत खरं काम मासे बघायचं नसतं, पाणी काढायचं आणि भरायचं असतं. मुलाला एक हिशोब करायला लावा : ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकी म्हणजे पावणेसात घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी, म्हणजे टाकीला १९० लिटर. अशा १२ टाक्या म्हणजे २३०० लिटरच्या आसपास, आठवड्याला ३० टक्के बदललं तरी ७०० लिटर होतं, म्हणजे १५ लिटरच्या बादलीने ४५ खेपा, त्या पण डबल, वापरलेलं बाहेर आणि ताजं आत. सुरुवातीला पोरगं हौसेने करेल, परीक्षा आली की बादली तुमच्या हातात, हे मी लिहून देतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, १२ नाही, ६ टाक्या लावा आणि उरलेल्या सहांचा पैसा पाण्याच्या सोयीत घाला. एका कोपऱ्यात उंच चौथऱ्यावर ५०० किंवा १००० लिटरची प्लास्टिकची टाकी, तिच्यातून पाइप काढून लांब होज, नुसता कॉक सोडला की पाणी टाकीत. काढायला सायफनची नळी थेट नालीत, आणि नालीचं तोंड बाहेर झाडांकडे वळवा, हे पाणी नारळाला, कढीपत्त्याला, अळूला सोन्यासारखं असतं.

आता जे तुम्ही सहज लिहून गेलात तेच मला सगळ्यात जास्त खटकलं, फवारणीची औषधं. टाक्या आणायच्या आधी ती तिथून हलवा, आणि नुसती हलवून भागणार नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांबं अगदी थोडं असलं तरी झिंगे आणि गोगलगायी मरतात, माशांनाही झेपत नाही. कीटकनाशकांतली कितीतरी औषधं, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, माशांसाठी जहाल विष आहेत. जिथे डबे ठेवले होते तिथली माती वरून चार बोटं काढून टाका, भिंतीचा पोपडा आणि चुना खरवडा, सिमेंटचा गिलावा करा, खाली कोबा किंवा शहाबादी. काढलेली माती बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका. गोमूत्र मुरलेली जमीन असते ती पण याच्यातच निघून जाईल, नाहीतर पावसाळ्यात ओल आली की वास सुटतो तो अमोनियाचा, आणि अमोनिया पाण्यात लगेच विरघळतो.

तेवढ्यावर संपत नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आजूबाजूच्या बागांत फवारे चालू होतात आणि एअर पंप जी हवा खोलीतून ओढतो तीच बुडबुड्यांतून टाकीत सोडतो. शेजारच्या बागेत ब्लोअर फिरतोय असं दिसलं की दारं-खिडक्या बंद, पंप थोडा वेळ बंद, ट्रॅक्टर गेला की चालू. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, स्प्रे, यातलं काहीच त्या खोलीत नको, त्यांच्यातही बहुतेक पायरेथ्रॉइडच असतात. खिडक्यांना जाळी बसवा.

भाऊंचं शिजायचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो : २५ अंशाला लिटरमागे ८ मिलिग्रामच्या आसपास, ३२ ला ७ च्या आसपास, आणि त्याच वेळी माशाला लागतो जास्त. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो (निफाडचे आकडे तर पेपरात वाचतोच आपण), आणि बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २८ अंश हवेत. दोन्हीवर उपाय एकच, छत. पत्र्याला वरून पांढरा रंग, आतून २ इंची थर्मोकोल, त्याखाली प्लास्टिकचा कागद म्हणजे वाफ पत्र्याला लागून गंजणार नाही, आणि सगळ्यात खाली पीव्हीसी पॅनल, कारण उघडा थर्मोकोल उंदीर कुरतडतात. थर्मोकोल पेटतो, त्यामुळे त्याच्यातून वायर नेऊ नका. टाक्यांवर काचेची झाकणं आणि भिंतीत एक एक्झॉस्ट. कडक उन्हाळ्यात झाकण काढून पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पावसाळ्यात मात्र दमट हवेत त्याचा उपयोग नाही. थंडीत खोली गरम राहावी म्हणून शेगडी पेटवून दार लावून घ्यायचं, असलं काही करू नका, माणूस गुदमरतो.

विजेचं. १९० लिटरच्या टाकीला २०० वॉटचा हीटर धरा, सहांचे १२०० वॉट, पहाटे सगळे एकदम चालू. गोठ्यात बल्बसाठी ओढलेली जुनी वायर याला चालणार नाही. मेन बोर्डपासून वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाइन तोडणारा स्विच), यात पैसे वाचवायचे नाहीत. बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली जरा झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळ आला तरी तिथेच ठिबकतो.

गव्हाण पक्की असेल तर पाडू नका. ती भरून वर लेव्हलने कडप्पा टाकला की खालच्या टाक्यांचं स्टँड तयार. काचेखाली थर्मोकोलची पातळ शीट हवीच. उतारावर लोखंडी स्टँड ठेवणार असाल तर पायाखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून लेव्हल करा, चिपा-विटांचे तुकडे सरकवून नाही. प्रत्येक टाकीला फिल्टर वेगळा घेण्यापेक्षा एकच मोठा एअर पंप, पीव्हीसी पाइपची लाइन आणि टाकीगणिक स्पंज फिल्टर, हे स्वस्त पडतं आणि पिल्लंही ओढली जात नाहीत.

बोअरचं पाणी आपल्याकडे बरेचदा जड, पण गप्पी, मॉली, प्लेटीला जडच पाणी मानवतं, त्यामुळे तुमच्या मुलाने निवड तरी बरोबर केलीय. निऑन टेट्रा, डिस्कस या मऊ पाण्याच्या माशांच्या भानगडीत सध्या पडू नये. नळाचं पाणी वापरलं तर क्लोरीन जायला २४ तास हवा सोडून ठेवा, घाई असेल तर हायपो (क्लोरीन मारणारे खडे, सोडियम थायोसल्फेट). आणि टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासे, असं नाही. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ही वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. हॉलमधल्या टाक्यांतला मळका स्पंज नव्यात पिळला तर काम लवकर होतं.

विकायचं म्हणाल तर गप्पीत फार पैसा नाही, माशांच्या खाण्याचा खर्च निघाला तरी खूप. पण सरकारच्या २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत घरामागे शोभेचे मासे वाढवायच्या युनिटला अनुदान ठेवलेलं आहे, महिलांना ६० टक्के, म्हणून अर्ज केलात तर तुमच्या नावाने करा. सध्या अर्ज घेतायत का ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाकडून नको. आणि पिल्लं जास्त झाली, सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) मोठा झाला, म्हणून नासर्डीत किंवा गोदावरीत सोडायचं नाही, तिथल्या माशांच्या मुळावर येतं ते.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, माडी रिकामीच असते. तिथे ४ फुटी तीन टाक्या ठेवल्या तर?
— वाचक, पंचवटी

उत्तर : नको. ४ बाय दीड बाय दीडची एक टाकी म्हणजे २५५ लिटर, तेवढेच किलो नुसतं पाण्याचं, काच, खडी, स्टँड धरून साडेतीनशेपर्यंत जातं, तीन म्हणजे टनभर. जुन्या तुळया वरून ठणठणीत दिसतात आणि भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं. खाली ओटीच्या बाजूला पक्की फरशी असेल तिथे ठेवा. आणि वाळवीचं पेस्ट कंट्रोल वाड्यात करून घेणार असाल तर ते मासे आणायच्या आधी.

प्रश्न : मागच्या खोलीत चार टाक्या आहेत. वळवाच्या पावसात लाइट पाच-सहा तास गेली तर काय करायचं? — वाचक, सातपूर

उत्तर : इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप टाका, हीटर नाही, हीटर बॅटरी बघता बघता खाऊन टाकतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप मिळतो, तो आणून ठेवा आणि त्यात सेल आहेत का ते आधीच बघा. लाइट गेल्यावर खायला घालू नका, मासे एक दिवस उपाशी राहिले तरी काही होत नाही. नळीत चेक व्हॉल्व्ह नसेल तर बसवा, नाहीतर पंप बंद पडल्यावर टाकीतलं पाणी उलटं पंपात येतं. डब्याचा बंद फिल्टर असेल तर लाइट आल्या आल्या चालू करू नका, आतलं पाणी सडलेलं असतं, आधी ते ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलवून घ्या आणि मग लावा.