मेंदूतल्या पाण्याचा आणि विसरण्याचा खरंच संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे आहेत, वर्षभरात त्यांची चाल बिघडली, आता विसरायलाही होतंय, एमआरआयच्या रिपोर्टात ‘व्हेंट्रिकल्स मोठी’ असं आलंय आणि घरचे म्हणतात, वय झालं. झोपेत मेंदू धुतला जातो हे खरं का, असंही तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांच्या चालण्यावर काम करते. त्यामुळे आधी चालीबद्दल बोलते.

संबंध आहे. मेंदूतल्या पोकळ्यांत, म्हणजेच व्हेंट्रिकल्समध्ये, आणि मेंदू-मणक्याभोवती मिळून साधारण १५० मिली पाणी असतं, त्याला सीएसएफ म्हणतात. रोज जवळपास अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच रक्तात परत शोषलं जातं. वय वाढतं तसा हा निचरा मंदावतो. पण रिपोर्टातल्या त्या एका ओळीवरून काहीच ठरत नाही, कारण पोकळ्या मोठ्या दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. अल्झायमरमध्ये मेंदूच आक्रसतो आणि मोकळी झालेली जागा पाणी घेतं. तिथे पाणी काढून उपयोग नाही. काही ज्येष्ठांमध्ये मात्र निचऱ्याचं गणितच चुकतं, पोकळ्या फुगतात आणि आजूबाजूच्या मेंदूवर ताण येतो. मणक्यातून दाब मोजला तर तो बहुधा नॉर्मलच भरतो, म्हणून या आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे एनपीएच.

हा आजार ओळखला तो कोलंबियातल्या बोगोटा शहरात सालोमोन हाकिम या न्यूरोसर्जनने. १९५७ मध्ये अपघातानंतर अर्धवट बेशुद्ध राहिलेला १६ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे होता. पोकळ्या मोठ्या, दाब नॉर्मल. तपासणीसाठी थोडं पाणी काढलं आणि तो बोलायला लागला. पुढे १९६५ मध्ये अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट रेमंड अ‍ॅडम्स यांच्यासोबत त्यांनी हे जगापुढे मांडलं.

ज्येष्ठांमध्ये एनपीएचची तीन लक्षणं सांगतात: चाल बिघडणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसरणं. बहुतेक वेळा सुरुवात चालीपासून होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, पावलं आखूड पडतात, दोन पायांतलं अंतर वाढतं, वळताना पाच-सहा पावलं लागतात. अल्झायमरमध्ये सहसा उलटं असतं: आधी स्मृती जाते, चाल बराच काळ शाबूत राहते. लघवीचं तर घरात कुणी बोलतच नाही. वडील लाजेपोटी पाणी पिणं कमी करतात, आई गुपचूप चादर धुऊन टाकते, आणि डॉक्टरांना ते कळतच नाही. कृपा करून हे विचारा, एकांतात विचारा.

मग न्यूरोलॉजिस्टकडे एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. मेंदूच्या माथ्याकडच्या खाचा दाबल्या गेल्यात की रुंदावल्यात, हे त्यांना बघावं लागतं. संशय असेल तर पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून बघतात. त्याच्या आधी आणि नंतर वडील चालताना, वळताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. फरक पडला तर शंटचा विचार होतो. शंट म्हणजे पोकळीतून कातडीखालून पोटात सोडलेली बारीक नळी, मध्ये व्हॉल्व्ह. फरक दिसला नाही तरी एनपीएच नाहीच असं लगेच धरत नाहीत.

शंटचा फायदा मनाचा खेळ असेल, अशी शंका वर्षानुवर्षं होती. २०२५ मध्ये एक चोख चाचणी प्रसिद्ध झाली. अशा तपासणीत फरक पडलेल्या ९९ रुग्णांना शंट बसवला, पण साधारण निम्म्यांचाच व्हॉल्व्ह खरा चालू ठेवला. कुणाचा चालू हे रुग्णांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी चालू शंटवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, बाकीच्यांचा ०.०३ ने. पडणारेही जवळपास निम्मे: २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. स्मृतीत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि डोक्यात रक्तस्राव होण्याचं प्रमाण चालू शंटवाल्यांमध्ये जास्त होतं. म्हणजे ‘शंटने डिमेन्शिया जातो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण माझ्या मते स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता येणं हे या वयात फार मोठं आहे. शिवाय एनपीएच असलेल्या बऱ्याच जणांना सोबत अल्झायमरही असतो, तेव्हा अपेक्षा काय ठेवायची हे आधीच मोकळेपणी विचारून घ्या.

आता झोपेचं. २०१२ मध्ये मेंदू-संशोधक माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की सीएसएफ रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूत शिरतं आणि बीटा अमायलॉइडसारखा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) कचरा बाहेर नेतं. २०१३ मध्ये हा निचरा झोपेत वाढतो असं त्यांनी मांडलं, पुढे म्हाताऱ्या उंदरांत तो बराच घटलेला आढळला. मग २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला नेमकं उलट दिसलं: झोपेत निचरा कमी. हा वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे ‘मेंदू डिटॉक्स’च्या नावाने जे काही विकलं जातं, त्यावर पैसे घालवू नका. हा प्रवाह ढकलायला रक्तवाहिन्यांचे ठोके लागतात आणि उंदरांत बीपी वाढल्यावर तो मंदावलेला दिसला आहे; बीपी आटोक्यात ठेवण्याची कारणं तर याशिवायही भरपूर आहेत. वडील जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडखळत असेल, तर तेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.